पाचवा कॅमेरा

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वतः लिहिलेली एक पाटी आहे. 'कशालाही हात लावू नये. लावायचा असल्यास विचारावं. विचारलं तरी बहुतेक नाहीच म्हणणार.' शेवटचं वाक्य काढून टाका असं सरांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हटलं आणि पाटी तशीच राहिली. सर विभागप्रमुख असले तरी किल्ल्या माझ्याकडे असतात.

मी अंधेरीतल्या एका विद्यापीठात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. नोकरीला लागले तेव्हा या खोलीत साधी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा होती, सोल्डरिंगचा वास आणि लाकडी स्टुलं. आता इथे यंत्रांना बघायला आणि हाताने कामं करायला शिकवतात. खोलीला नवीन नाव आलं, एसी आला, फरशीवर काळी रबरी चटई आली. स्टुलं तेवढी जुनीच आहेत, कारण ती मी टाकू दिली नाहीत. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण कुठली वायर कुठे जाते, कुठला कॅमेरा तापला की नखरे करतो आणि कुठला स्क्रू कोणत्या पान्याने फिरतो, हे माझ्याइतकं तिथे कोणालाच माहीत नाही. सरांनाही नाही. हे मी गर्वाने सांगते, आणि हा गर्वच पुढे मला नडला, तेही आताच सांगून टाकते.

खोलीत शिरलं की उजव्या हाताला चार चाकांचा एक बुटका रोबो असतो. त्याला अख्ख्या खोलीचा नकाशा पाठ आहे असं विद्यार्थी सांगतात, आणि तो रोज त्याच एका कपाटावर जाऊन आपटतो. त्या कपाटाच्या कोपऱ्याला मी जुन्या उशीचा तुकडा बांधलाय. त्याच्या पलीकडे प्लास्टिकचे सुटे भाग छापणारा प्रिंटर आहे. तो कामाला लागला की दुपारभर कानाशी डास असल्यासारखं वाटतं. खिडकीशी टेबलाला बोल्टने आवळलेला यंत्राचा हात आहे, खांदा, कोपर, मनगट आणि तीन बोटं असलेला. त्याला सगळे नुसतं 'हात' म्हणतात. 'हात चालू आहे, जवळ जाऊ नका,' असं नवीन माणसाला सांगितलं की तो आधी आपल्या हाताकडे बघतो. आणि खोलीच्या मधोमध पिंजरा.

पिंजरा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची माणूसभर उंच चौकट. तिच्यावर आठ कॅमेरे, आठही आतल्या छोट्या टेबलाकडे तोंड करून. आत बसून कोणी हाताने काही करू लागलं की आठही जण ते एकाच क्षणी टिपतात, आणि त्यावरून संगणक प्रत्येक बोटाची हवेतली जागा ठरवतो. मात्र त्यासाठी कॅमेरे एकमेकांपासून किती लांब आणि कोणत्या कोनात आहेत हे संगणकाला आधी सांगावं लागतं. त्याकरता काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पट पिंजऱ्यात धरून सगळीकडून हळूहळू फिरवायचा. याला आम्ही 'पट दाखवणं' म्हणतो, आणि त्यात दोन तास सहज जातात. एकदा पट दाखवला की कॅमेऱ्यांना बोट लावायचं नाही. केसभर जरी हलला तरी पट पुन्हा दाखवायचा. हा नियम कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवलेला आहे. अक्षर माझंच.

पिंजरा मुख्यतः एका मुलीसाठी चालायचा. ती बोरिवलीची, आईवडील दोघंही बँकेत, आणि ती पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. वहीत प्रत्येक गोष्टीची वेळ लिहिणारी. पाणी प्यायला उठली तरी लिहीत असेल, अशी मी तिची थट्टा करायचे. मला ती ताई म्हणायची. सराईत माणसांचे हात बघून यंत्राच्या हाताला तीच कामं शिकवायची, हा तिचा विषय. त्यासाठी ती कुठून कुठून माणसं गोळा करून आणायची. जुहूला गजरे करणाऱ्या एक बाई येऊन गेल्या. माहुलहून जाळं सांधणारे एक कोळी आजोबा आले. त्यांनी पिंजऱ्यात बसून आधी सगळ्या कॅमेऱ्यांना नमस्कार केला आणि मग कामाला हात घातला.

"ताई, आता धागा जोडणारं कोणीतरी हवंय," ती एकदा म्हणाली. "बारीक धागा, आणि जोडायचा भराभर. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

"ओळखीत कशाला? माझ्या घरातच आहे," मी म्हटलं.

माझे बाबा गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. सिंधुदुर्गातल्या गावाहून ते मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला आले आणि साच्यावर उभे राहिले ते संप होऊन गिरणी बंद पडेपर्यंत. पुढे मुलुंडला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली. आई गेल्यापासून ते घाटकोपरला माझ्याकडे असतात. साच्यावर धागा तुटला की तो सांधायचा, आणि तोही साचा फार वेळ न थांबवता. बाबा ती गाठ एका हाताने मारत. अंगठ्याखालून धागा कसा जायचा आणि कसा बाहेर यायचा ते डोळ्यांना दिसायचंच नाही. लहानपणी मी त्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. ते म्हणाले, "तुका ह्या कित्याक होया?" कशाला हवंय म्हणे! मला राग आला आणि मी परत विचारलं नाही. त्यांनीही परत विषय काढला नाही. आम्ही दोघं सारखेच.

म्हणून जेव्हा त्या मुलीने मला विचारलं तेव्हा मी एवढी खूश झाले की बाबांना न विचारताच दिवस ठरवून टाकला. दसऱ्यानंतरचा चौथा दिवस.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळी वाट तिथेच लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची ही रीत घरोघरी आहे. गिरणीत त्या दिवशी साचे पुसून लख्ख करत, त्यांना हार घालत, आणि बाबा घरी येताना गूळ-खोबऱ्याचा प्रसाद आणत. आमच्या प्रयोगशाळेत ही पूजा मी सुरू केली. सकाळी घाटकोपरहून झेंडूची फुलं घेऊन जायचं, सगळी यंत्रं कोरड्या फडक्याने पुसायची, हळदकुंकवाचं बोट लावायचं. रोबोला पुढच्या बाजूला, हाताला मनगटावर, प्रिंटरला झाकणावर. विद्यार्थ्यांना मजा वाटते, सर पेढे देतात. फक्त पिंजरा वगळायचा. दर वर्षी ती मुलगी पिंजऱ्यापुढे आडवे हात करून उभी राहायची आणि मी लांबूनच अक्षता टाकायचे.

त्या वर्षी ती तापाने घरी होती.

मी कोणालाही खोटं सांगणार नाही. मला नियम माहीत होता. पण पाच दिवसांनी माझे बाबा त्या पिंजऱ्यात बसणार होते, आणि रोबोपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांनी हार घातलेले असताना पिंजरा तेवढा बोडका ठेवायला माझं मन होईना. पट्टीलाच तर बांधायचंय, कॅमेऱ्याला कुठे हात लावतेय, असं म्हणत मी झेंडूचं तोरण वरच्या पट्टीला बांधलं. तोरण भरगच्च होतं. मधोमध ओघळलं आणि त्याचं सगळं वजन पाचव्या कॅमेऱ्यावर आलं. त्याचा स्क्रू थोडा सैल असणार. कॅमेऱ्याने माझ्यादेखत मान खाली घातली.

मी पटकन तोरण काढलं. कॅमेरा हाताने वर केला, शेजारच्या सहाव्याकडे बघून डोळ्यांच्या अंदाजाने सरळ केला. इकडेतिकडे पाहिलं. सगळे पेढे खात होते. आता पट दाखवायचा तर त्या मुलीला फोन करा, कारण सांगा, पाटी लावणाऱ्या बाईनेच हात लावला हे सगळ्या खोलीला कळू द्या. होता तिथेच तर बसवलाय, मी मनात म्हटलं. आणि प्रसाद वाटायला गेले.

ठरल्या दिवशी बाबा आले. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन. मेट्रोने आले म्हणून आधीच खुशीत होते. मुलीने त्यांना पिंजऱ्यात बसवलं, मागे काळा पडदा सोडला, टेबलावर काळं कापड पसरलं, म्हणजे हाताशिवाय दुसरं काही दिसायला नको. समोर सुताचं बंडल ठेवलं. बाबांनी धागा दोन बोटांत चोळून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले की असला धागा गिरणीत कोणी आणला असता तर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, त्यालाच गुंडाळून ठेवलं असतं. मग त्यांनी यंत्राच्या हाताकडे बोट केलं.

"हो हात माका बघून शिकतलो?"

"हो आजोबा, तुमचं बघूनच," मुलगी म्हणाली.

"मगे बरा शिकवूक होया."

त्यांनी धागा तोडला आणि जोडला. तोडला आणि जोडला. चाळीस वर्षांत त्यांनी ही गाठ कामासाठी मारली नव्हती, पण बोटं जराही अडखळली नाहीत. मी पिंजऱ्याबाहेर उभी राहून बघत होते. घरी वर्तमानपत्राची घडी नीट न घालणारा हा माणूस, आणि हात असे. मला त्यांचा फार अभिमान वाटला. दुपारी कँटीनमध्ये त्यांनी दोन वडे खाल्ले आणि परतीच्या वाटेवर पिंजऱ्यातल्या बाईला चांगली शिस्त आहे, असं त्या मुलीचं कौतुक केलं. माझं केलं नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती, असं मी तेव्हा म्हटलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप सुटला. मग तो उचलताही येईना. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा सौम्य झटका आहे, वेळेत आणलंत, जिवाची भीती नाही. बोलणं दोन दिवसांत सुधारलं, पाय आठवड्यात चालू लागला. उजवा हात मात्र परत आला नाही. बोटं जरा हलत, पण धरत नसत. बाबा तो हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवत, जसं कोणी झोपलेलं मूल ठेवतं.

सुट्टी संपून कामावर गेले त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. पाचव्या कॅमेऱ्याकडे बघितलं. तो मला वाकडाच दिसायला लागला. पुढे काही गडबड व्हायला नको म्हणून मी पाना आणला, कॅमेरा नीट बसवला आणि स्क्रू करकचून आवळला. आता तरी सगळं ठीक झालं, असं वाटून मला बरं वाटलं. माझी दुसरी चूक ही, आणि पहिलीपेक्षा ती मोठी निघाली.

ती मुलगी बाबांचं चित्रण घेऊन बसली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तिच्या संगणकाच्या पडद्यावर धागा एकीकडे आणि बोट दुसरीकडे अशी चित्रं येत. गाठ काही केल्या बसत नव्हती. गजरेवाल्या बाई आणि कोळी आजोबा दसऱ्याआधी येऊन गेले होते, त्यांचे हात स्वच्छ जुळले होते. एकट्या बाबांचा हात फाटल्यासारखा दिसे. तिला वाटलं आपल्याच प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. तिने तो पहिल्यापासून लिहून काढला. परत तेच. वहीत तिने लिहिलं होतं की पट नवरात्राच्या आधी दाखवला, त्यानंतर कॅमेऱ्यांना कोणीही हात लावलेला नाही. ते 'कोणीही' मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

तेव्हा सांगायचं ना? सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, रोज संध्याकाळी कुलूप लावायचे. घरी बाबा विचारायचे, "तेचा काय झाला गो? शिकलो काय तो हात?" मी म्हणायचे, शिकतोय, वेळ लागतो. माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. विद्यार्थ्यांवर मात्र मी आणखीच खेकसत होते. एकाने रोबोला हात लावला म्हणून मी त्याला दहा मिनिटं बोलले, आणि बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली.

शेवटी सर एकदा तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ते धाग्याचं सोडून दे. पुढच्या महिन्यात समितीला गजरा आणि जाळं दाखव, पुरे आहे. आजोबांचं चित्रण पुसून जागा मोकळी कर."

"पुसणार नाही सर," ती म्हणाली. सरांशी ती कधी उलट बोलायची नाही. "त्यांचा हात आता चालत नाही. हे पुसलं तर ती गाठ कुठेच राहणार नाही. चूक माझी आहे, मी शोधते."

सर गेले. ती डोळे पुसत परत पडद्याकडे वळली. मी दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी स्टूल ओढलं.

"चूक तुझी नाहीये. पाचवा कॅमेरा मी हलवला," मी म्हटलं. "खंडेनवमीला. तोरण बांधताना."

मी सगळं सांगितलं, स्क्रू, अंदाज, पेढे, काहीही न वगळता. तिने वही उघडली, तारीख बघितली.

"म्हणजे तो अजून तसाच आहे? मग आत्ता पट दाखवू या ना ताई! तसाच असेल तर सगळं परत मिळेल!" ती उभीच राहिली.

तेव्हा मला दुसरी चूक सांगावी लागली. दिवाळीनंतर मी तो नीट करून आवळून टाकला होता. बाबा आले त्या दिवशी तो नेमका कुठे बघत होता, हे आता जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. चित्रात मागे काळा पडदा, खाली काळं कापड. त्यावरून अंदाज बांधायला एक रेघसुद्धा नव्हती.

ती खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर दोन तासांचं काम होतं. ताई, मी महिनाभर स्वतःला मूर्ख समजत होते." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी कायम तयार असते. मी माफ कर म्हटलं, आणि तो शब्द मला फार तोकडा वाटला.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिने मला पडद्याशी बोलावलं. पाचवा कॅमेरा तिने हिशोबातून काढून टाकला होता आणि उरलेल्या सातांवरून हात पुन्हा उभा केला होता. पडद्यावर ठिपक्यांचा आणि रेघांचा हात हलला. धागा बोटांना येऊन भिडला. ते मनगट बाबांचंच होतं, शंकाच नको. पण गाठीच्या ऐन क्षणाला, जेव्हा धागा अंगठ्याखालून जातो, तेव्हा अंगठा नाहीसा व्हायचा आणि गाठ संपल्यावर परत उगवायचा. तेवढा वेळ बाकीची बोटं अंगठ्यावर पडत आणि सहा कॅमेऱ्यांपासून त्याला लपवत. तो फक्त पाचव्याला आणि सहाव्याला दिसत होता, आणि एकट्या सहाव्यावरून जागा ठरत नाही.

"एवढं सोडून सगळं आहे," ती म्हणाली. "पण एवढ्यातच तर गाठ आहे."

मी तिला म्हटलं, बाबांना घेऊन येते. त्यांना अंगठा निदान तोंडाने सांगता येईल. ती म्हणाली, "त्यांना माहीत आहे का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी बाबांना रिक्षाने आणलं. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या पुढे, डाव्या हातात धरला होता. मुलीने त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर त्यांचा हात चालू केला. बाबा पुढे वाकले. स्वतःचा चालता हात ते बघत होते, आणि त्यांच्या मांडीवर तोच हात निपचित पडला होता. मला बघवेना. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी बोट पडद्याला लावलं.

"अंगठो खंय गेलो?"

मुलगी कीबोर्डकडे बघत राहिली.

"माझ्यामुळे गेला बाबा," मी म्हटलं. "खंडेनवमीला मी पिंजऱ्याला तोरण बांधलं. कॅमेरा हलला. मी कोणाला सांगितलं नाही. नंतर गुपचूप नीट करायला गेले, तर होतं तेही गेलं. तुमचा तो हात आता परत घेता येणार नाही, हे मला माहीत होतं तरी मी महिनाभर गप्प बसले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड जरा एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे रागावलेत की काय ते चटकन कळत नाही.

"पूजा केलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "पण हार काढलो काय साचो आधी हातान फिरवन बघूचो, मगेच चालू करूचो. इतक्या सादा तुका कळूक नाय? आणि सांगूक कित्याक नाय? भियालंस?"

"हो," मी म्हटलं. हे म्हणताना पन्नाशीच्या बाईचा आवाज जसा होऊ नये, तसाच माझा झाला.

ते थोडा वेळ मांडीवरच्या हाताकडे बघत बसले. मग डाव्या हाताने त्यांनी पिंजऱ्यातल्या टेबलाकडे खूण केली.

"हंय बस."

"मला येत नाही बाबा. तुम्ही शिकवलंच नव्हतं."

"म्हणान तर सांगतंय. बस."

मुलगी म्हणाली, "दोन तास थांबाल आजोबा? आधी मी पट दाखवते." बाबा थांबले. चहा घेतला, बुटका रोबो कपाटावर आपटताना पाहिला आणि त्याला मेल्या दिसणा नाय काय तुका, असं विचारलं. मुलीने शांतपणे पट धरून आठही कॅमेऱ्यांना सगळीकडून दाखवला. मी तिला मदत केली नाही. कशालाही हात न लावता स्टुलावर बसून राहिले.

मग मी पिंजऱ्यात बसले आणि बाबा माझ्या शेजारी. त्यांनी डाव्या हातात माझा उजवा अंगठा धरला. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी माझा हात असा धरला नव्हता. त्यांनी अंगठा वाकवला, धाग्यावर टेकवला, बाजूला सरकवला. "दाबू नको. नुसतो ठेव." माझी गाठ सुटली. परत. सुटली. मी चिडून धागा फेकला. "सावकाश," ते म्हणाले, "दोरो खंय पळान जाणा नाय." त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता. कितव्यांदा तरी त्यांनी माझा अंगठा सोडला, आणि मी एकटीने धागा खालून घेतला, वळवला, बाहेर काढला.

"आता वड."

मी ओढला. गाठ धरून राहिली. ते म्हणाले आणखी ओढ, पार तुटेपर्यंत. मी जोर लावला. धागा दुसरीकडे तुटला, गाठीत तुटला नाही. बाबांनी ती गाठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मान डोलावली. माझ्यासमोर माझ्यासाठी अशी मान त्यांनी पहिल्यांदा डोलावली.

मुलगी संगणकामागून म्हणाली, "सगळं आलं. अंगठा पूर्ण दिसतोय." तिने वही उघडली आणि पेन घेऊन थांबली. "आजोबा, हे तुमच्याच नोंदीत लिहू ना? गाठ तुमचीच आहे."

"नाय," बाबा म्हणाले. "बोटां माझी. हो अंगठो माझ्या चेडवाचो. तसा लिव."

तिने तसं लिहिलं, बोटं आजोबांची, अंगठा मुलीचा, आणि पुढे वेळ टाकली. मी पिंजऱ्यात बसून रडत होते, आणि आठही कॅमेरे चालू होते.